बिनघोड्याचे पिस्तूल

जुन्या वस्तू जमविणाऱ्या माणसाशी मैत्री करू नये, आणि झालीच तर त्याच्याबरोबर बाजारात जाऊ नये. आमचे एक स्नेही वर्षानुवर्षे अडकित्ते, दौती, कुलपे जमवीत आले. तोवर ठीक होते. सेवानिवृत्तीनंतर त्यांना पिस्तुलाने पछाडले. परवाना मिळवला, आणि शोध सुरू झाला. पिस्तूल ब्राउनिंगच हवे, शंभर वर्षांपूर्वीचे हवे आणि जसेच्या तसे राहिलेले हवे!

ब्राउनिंगच का, हे नाशिककराला सांगावे लागत नाही. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर मंडळींचे ‘शारदा’ होते. बदली झालेले कलेक्टर जॅक्सन पाहुणे म्हणून आले, आणि अठरा वर्षांच्या अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले धाडली होती. चतुर्भुज अमीन याने ती चोरकप्प्याच्या ट्रंकेतून मुंबईला आणली. त्यांतले हे एक. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फाशी गेले. याच घटनेच्या दोन महिने आधी, २६ ऑक्टोबरला, तिकडे हार्बिनच्या स्टेशनावर आन जुंग-गून या कोरियन तरुणाने जपानच्या इतो हिरोबुमींना मारले, तेही ब्राउनिंगनेच. बेल्जममधल्या हेर्स्टालच्या कारखान्यात ही पिस्तुले लाखांनी तयार होत. खिशात मावावीत इतकी चपटी, हे त्यांचे भाग्य म्हणा की दुर्भाग्य.

मला त्यात गोडी वाटली ती शब्दांची. पिस्तूल आणि काडतूस आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आले, बंदूक अरबीतून आली. पण हत्याराच्या अवयवांना मराठी माणसाने घरचीच नावे दिली. ठासणीच्या बंदुकीला कान असतो, कानात रंजक घालतात, आणि त्यावर आपटतो तो घोडा. स्नेह्यांना हव्या असलेल्या १९०० सालच्या ब्राउनिंगला बाहेर घोडाच दिसत नाही. आपटणारी कळ आत लपलेली. तरी आपण लिहिताना ‘घोडा दाबला’ असेच लिहितो. दाबायचा असतो तो चाप! घोडा बिचारा फुकट बदनाम.

तर मागच्या पावसाळ्यात एका मध्यस्थाने निरोप धाडला. वस्तू मिळाली आहे, ‘त्या विसांपैकीच’ आहे. आम्ही गेलो. फडक्यातून पिस्तूल निघाले ते तांबट आळीतल्या नव्या घंगाळासारखे लखलखत. आपल्याकडे जुने भांडे हाती आले की पहिली चिंच शोधतात. तीच गत इथे झाली होती. जुन्या पिस्तुलावर कारखान्याने दिलेली निळसर काळी झाक असते. ती एकदा घासली की गेली. पुन्हा चढविली तरी जाणत्याला कळते. अक्षरांच्या कडा बोथट होतात, लिएजच्या कसोटीचे बारीक ठसे पुसट होतात. स्नेह्यांनी भिंग काढले. स्लाइडवरचा आकडा एक, खालच्या सांगाड्यावरचा दुसरा. म्हणजे दोन मेलेल्या पिस्तुलांतून एक जिवंत केलेले. हुतात्म्याचे नाव घेऊन असला माल खपवू पाहणाऱ्याला काय म्हणावे? मी तरी व्यापारी म्हणणार नाही.

खरा अडसर पुढेच होता. स्नेह्यांनी विचारले, “हे आजवर कोणाच्या परवान्यावर होते?” मध्यस्थ हसला. “अहो दादा, शंभर वर्षांच्या वस्तूला कसला परवाना?”

हा समज फार पसरलेला आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुनाट हत्याराला सवलत आहे, पण दुरुस्त करूनही ज्यातून गोळी सुटणार नाही अशालाच. ब्राउनिंगचे ७.६५ मिलिमीटरचे, म्हणजे बत्तीस बोअरचे काडतूस अजून बनते. आपल्या ईशापूरच्या कारखान्याचे पिस्तूलही तेच खाते. तेव्हा वय कितीही असो, ते जिवंत हत्यार, आणि बिनपरवाना बाळगणारा तुरुंगात. त्यातून २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच हत्यारे ठेवता येतात. अडकित्ते दोनशे ठेवा, कोणी विचारत नाही!

स्नेह्यांनी पिस्तूल फडक्यात परत गुंडाळले. हात किंचित थरथरत होते, कारण ‘विसांपैकी’ हा शब्द खोटा असला तरी कानात शिरला होता. परतताना रविवार कारंजापर्यंत ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, “१८७८ च्या कायद्यापासून सरकारने हत्यारांची नोंद ठेवली, हे एक बरे केले. ज्याला कागद आहे त्यालाच वंश आहे.”

आता त्यांना निफाडकडच्या एका घराचा पत्ता लागला आहे. आजोबांच्या परवान्यावरचे ब्राउनिंग वडिलांच्या आणि मग मुलाच्या परवान्यावर रीतसर चढलेले. किती काडतुसे केव्हा घेतली, तेही लिहिलेले. मात्र विसांशी त्याचा काडीचा संबंध नाही, हे त्या गृहस्थांनी न विचारताच सांगितले. वस्तू कशी आहे, असे स्नेह्यांनी फोनवर विचारले. “चांगली आहे,” ते म्हणाले, “फक्त आमची आजी दर खंडेनवमीला तिला हळदकुंकू वाहायची. ओल्या बोटांचा एक डाग नळीजवळ धरला आहे. घासून काढून ठेवू का?”

स्नेही फोनवरच ओरडले, “हात लावू नका!” भाऊबीज झाली की आम्ही निघणार आहोत.