दगड राखले, हात कोण राखणार?

मराठवाड्याच्या दारिद्र्याची एक सोयीस्कर उपपत्ती सरकारदरबारी आणि शहरी सुशिक्षितांत रूढ होऊन बसली आहे. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी, भांडवल नाही, उद्यमशीलता नाही. सबब हा प्रदेश निसर्गतःच शेतीचा आणि म्हणून मागास, असे ती सांगते. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील धावडा, अन्वा यांसारख्या गावांकडे पाहताना हेच गृहीत धरले जाते. उद्योग शहरात असायचे आणि खेड्याने त्यांना कच्चा माल व मजूर पुरवायचे, हा जणू सृष्टिनियम! या उपपत्तीला सर्वांत सणसणीत उत्तर कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाने दिलेले नाही. ते त्याच तालुक्याच्या मातीने दिले आहे.

केळना नदीच्या काठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी तेथे उत्खनन केले. सातवाहनकालीन वस्तीच्या थरांतून मणी, शंखाच्या बांगड्या, भाजक्या मातीच्या मूर्ती आणि हस्तिदंती कोरीवकाम बाहेर आले. त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती होती. इटलीतील पाँपेई या नगरीच्या अवशेषांत १९३८ साली अशीच एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली होती. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली ते नगर गाडले गेले, त्याआधीच ती तेथे पोहोचलेली होती. या दोन मूर्तींतील साम्य इतके की, पाँपेईची मूर्ती भोगवर्धनच्या कारागिरांनी घडविली असावी, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. ते मत मान्य न केले तरी सांची आणि भारहूत येथील शिलालेखांत भोगवर्धनच्या दात्यांची नोंद आहेच. शेकडो मैलांवरच्या स्तूपांना दान देण्याइतके शिल्लक धन या नदीकाठी निर्माण होत होते, एवढे तरी त्यातून निर्विवाद सिद्ध होते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. शंख केळनेत सापडत नाही. तो समुद्रातून येतो. म्हणजे कच्चा माल दूरवरून या गावी येई आणि येथील हातांचे कसब त्याचे मोल वाढवी. आज नेमके उलटे घडते आहे. कच्चा माल येथे पिकतो आणि त्याचे मोल दुसरीकडे वाढते. निसर्ग तोच आहे, नदीही तीच आहे. बदलली आहे ती अर्थव्यवस्थेतील या गावांची जागा. आणि ती जागा निसर्ग ठरवीत नाही, माणसांचे व्यवहार आणि राज्यकर्त्यांची धोरणे ठरवितात.

सातवाहनकाळाला सुवर्णयुग म्हणण्याचा मोह मात्र समाजवाद्यांनी टाळला पाहिजे. दूरच्या व्यापाऱ्यावर विसंबलेली ती भरभराट व्यापार ओसरताच ओसरली. भरभराटीच्या काळातही नफ्याचा मोठा वाटा कारागिराच्या पदरात पडत होता, असे मानण्याचे कारण नाही. परंतु त्या काळच्या कारागिराजवळ एक गोष्ट होती, जी आजच्या कारागिराजवळ नाही. ती म्हणजे त्याची संघटना, श्रेणी. नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदाताचा, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा, शिलालेख पाहावा. त्याने ३००० कार्षापणांची ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. पैकी २००० वर दरमहा शेकडा एक आणि १००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. म्हणजे वर्षाला २४० अधिक ९० कार्षापण व्याज विणकर देणार आणि त्यातून वीस भिक्षूंच्या वस्त्रांचा व इतर गरजांचा खर्च भागणार. क्षत्रप नहपानाचा जावई आपला पैसा विश्वासाने विणकरांच्या हाती सोपवितो! आज विणकराने बँकेच्या दारात उभे राहावे आणि तारण काय, असा प्रश्न ऐकून परत फिरावे. दोन हजार वर्षांत पत कोणाची वाढली आणि कोणाची बुडाली, याचा याहून स्पष्ट ताळेबंद कोणता?

आता दगडांकडे वळू. भोकरदनला नदीकाठी खडकात कोरलेले लेणे आहे. अन्व्याचे शिल्पसमृद्ध प्राचीन मंदिर संरक्षित स्मारक आहे. स्मारकांच्या रक्षणासाठी १९५८ चा केंद्रीय कायदा आहे आणि १९६० चा राज्याचा कायदाही आहे. हे योग्यच आहे. त्यात ढिलाई होऊ नये असेच आमचे मत आहे. परंतु ज्या हातांनी हे दगड घडविले, त्या हातांच्या कौशल्याचे रक्षण करणारा कायदा कोणता? मंदिराच्या खांबाला ओरखडा काढणे हा गुन्हा ठरतो. पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब मोडून माणसाला मुकादमाच्या दारी उभे करणे हा मात्र गुन्हा ठरत नाही.

हे कसब आपोआप मेले, असे सांगणारा इतिहास खोटा आहे. भोकरदनहून केळनेच्या प्रवाहाबरोबर खाली गेले की असई लागते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने तेथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. लढाईपूर्वी मराठी छावणी भोकरदनपासून असईपर्यंत नदीकाठाने पसरली होती. असईचे नाव पुढे ब्रिटिश पलटणींच्या निशाणांवर मिरवले. भोगवर्धनचे नाव तेथील शाळकरी मुलाला ठाऊक नाही, पण असईचे असू शकते. घडविणाऱ्यांचे गाव विस्मृतीत जाते आणि मारणाऱ्यांचे रणक्षेत्र अजरामर होते, हाच साम्राज्यांचा इतिहासलेखनाचा दंडक आहे.

तथापि विणकराचा खरा पराभव रणांगणाच्या एक वर्ष आधीच कागदावर झाला होता. १८०२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने निजामाशी व्यापारी तह केला आणि परस्परांच्या मालावरील जकात शेकडा पाचवर बांधून टाकली. पुढे यंत्रावर विणलेले स्वस्त विलायती कापड येऊ लागले, तेव्हा पैठण-जालन्याच्या मागांना संरक्षण देण्याची इच्छा कोणा राज्यकर्त्याला झाली असती, तरी त्याचे हात या पाच टक्क्यांनी बांधलेले होते. धनंजयराव गाडगिळांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील ग्रंथात हस्तव्यवसायांच्या ऱ्हासाची कारणे दिली आहेत. देशी दरबार लोपले, परकीय सत्ता आली आणि यंत्रमालाची स्पर्धा सुरू झाली, ही कारणे या प्रदेशालाही लागू पडतात. नाममात्र निजामाचे राज्य असल्याने सुटका झाली नाही.

१९०० मध्ये हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे आली. तिच्यामागोमाग एकट्या जालन्यात कापसातून सरकी काढणारे ९ जिनिंग कारखाने आणि गाठी बांधणारे ५ प्रेस उभे राहिले. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण अभिमानाने सांगितली जाते. पण या पाळण्यात कोण झुलले? १९०१ साली तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातील सर्व जिनिंग-प्रेसमध्ये मिळून काम करणारे लोक होते अवघे १०१६. रेल्वेने गाठी बाहेर नेल्या आणि कापड आत आणले. सरकी काढून गाठ बांधणे एवढाच ‘उद्योग’ कापूस पिकविणाऱ्यांच्या वाट्याला आला.

सव्वाशे वर्षांनंतर चित्र बदलले काय? भोकरदन तालुक्यात आजही कापूस पिकतो आणि सूत व कापड होण्यासाठी बाहेर जातो. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून हिरवी मिरची गाड्या भरभरून परप्रांतांत, परदेशांतही जाते. नाशवंत माल हाती असलेला शेतकरी सायंकाळी मिळेल तो भाव पदरात पाडून घेतो. मिरची वाळविणे, दळणे, टिकविणे या प्रत्येक पायरीवर वाढणारे मोल दुसऱ्याच्या खिशात जाते. प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी दांडेकर समितीने १९८४ साली अहवाल दिला. सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण, आरोग्य यांचा अनुशेष तिने रुपयांत मांडला आणि ते काम मोलाचेच होते. पण गमावलेल्या कारागिरीचा रकाना त्या तक्त्यात नव्हता. १९९४ साली विकास मंडळे आली, २०२० च्या एप्रिलमध्ये त्यांची मुदत संपली. तो रकाना कोरा तो कोराच राहिला.

यावर उत्तर मिळेल की, आता केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत १८ व्यवसायांतील कारागिरांना पाच टक्के व्याजाने तीन लाखांपर्यंत कर्ज देण्याची तरतूद आहे. कर्ज मिळाले तर कोणी नाही म्हणू नये. पण योजनेची दृष्टी पाहा. ती सुट्या कारागिराला सुटे कर्ज देते. कच्च्या मालाची खरेदी आणि तयार मालाची विक्री या दोन्ही टोकांना तो पूर्वीसारखाच एकटा उभा असतो. नाशिकच्या विणकरांची पत श्रेणीची होती, एकेकट्याची नव्हती. सुट्या माणसाला दिलेले कर्ज त्याला उद्योजक करीत नाही. बहुधा ते त्याला नियमित हप्ते भरणारा मजूर करते.

दुसरा धोका आपल्याच बाजूचा आहे. ग्रामोद्योगाचे नाव घेताच काहींना बलुतेदारीची गोड स्वप्ने पडू लागतात. जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली बजावून ठेवले आहे. सुताराच्या मुलाने सुतारच व्हावे, चर्मकाराच्या मुलाने चामडेच हाताळावे, अशा ‘परंपरेचे’ जतन आम्हाला नको. कौशल्य टिकावे आणि ज्याला ते हवे त्याला, मुलगा असो की मुलगी, जात न विचारता शिकता यावे, ही आमची मागणी आहे. सहकाराच्या नावाने उभ्या राहिलेल्या मराठवाड्यातील अनेक सूतगिरण्या बंद पडल्या, हेही विसरता येणार नाही. जेथे सभासद केवळ अंगठ्यापुरता असतो, तेथे सहकार हे पुढाऱ्याच्या मालकीचे सभ्य नाव ठरते.

मग कार्यकर्त्यांनी करायचे काय? पहिले, भोकरदनच्या उत्खननातील वस्तूंचे दर्शन तालुक्यातील प्रत्येक विद्यार्थ्याला गावातच घडले पाहिजे, असा आग्रह धरावा. आपला गाव जन्मजात मागास नव्हता हे कळणे ही परिवर्तनाची पहिली पायरी आहे. दुसरे, धावड्यासारख्या प्रत्येक गावात ग्रामसभेपुढे कसबाची नोंदवही मांडावी. गावात पूर्वी काय बनत होते, ते काम आज कोणाला येते, तो काय करून पोट भरतो, याची नोंद ज्येष्ठ स्त्री-पुरुषांना विचारून घ्यावी. त्यांच्याबरोबर हे ज्ञानही जाईल. तिसरे, मिरची आणि कापूस यांवरील पुढील प्रक्रिया तालुक्यातच व्हावी, तीही राबणाऱ्यांच्या सभासदत्वाने आणि नियंत्रणाने, यासाठी संघटित मागणी करावी. चौथे, बँकांनी तारणाऐवजी गटाच्या सामूहिक हमीवर कर्ज द्यावे, असा लढा उभारावा. श्रेणीला जे दोन हजार वर्षांपूर्वी मिळत होते, ते लोकशाहीत मागणे हा काही अतिरेक नव्हे.

लेण्यांची आणि मंदिरांची निगा राखलीच पाहिजे. परंतु केवळ अवशेष राखणारा समाज स्वतःच एक दिवस अवशेष होतो. केळनाकाठी पुन्हा काहीतरी घडू लागेल आणि घडविणाऱ्याचा त्यावर हक्क असेल, तेव्हाच भोगवर्धन या नावाचा वारसा आपण सांभाळला असे म्हणता येईल.