दशावतार, डिस्टॉर्शन आणि गॅदरिंगचा फॉर्म

आमच्या विंगमध्ये सध्या दोन पार्ट्या आहेत, आणि भांडण राजकारणावरून नाहीये. भांडण आहे साहिल माखिजा या माणसावरून. मेसमधली भाजी संपते, पण हा विषय संपत नाही. ज्या सर-मॅडमना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती देते, मग माझं मत. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादकांच्या हवाली!)

साहिल माखिजा मुंबईचा. २००० साली त्याने ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ नावाचा बँड काढला. स्टेजवरचं त्याचं नाव ‘डेमनस्टीलर’. संगीत मेटल, आणि तेही त्यातलं काळंकुट्ट. घशातून काढलेली गुरगुर, धडधडणारे ड्रम आणि मागे कीबोर्डचा घुमणारा आवाज. मधेच तो साध्या स्वच्छ गळ्यानेही गातो, हे लोक विसरतात. २००५ चा ‘अ डार्कनेस डिसेंड्स’, २०१० चा ‘द रिटर्न टू डार्कनेस’ हे त्याचे गाजलेले अल्बम. २०१४ साली हा बँड जर्मनीच्या वाकेन महोत्सवात वाजवून आला. मेटलवाल्यांसाठी वाकेन म्हणजे पंढरपूरच! आणि हाच माणूस यूट्यूबवर ‘हेडबँगर्स किचन’ या नावाने मन लावून स्वयंपाक शिकवतो. आमच्या मेसच्या काकांना मी दाखवलं तर ते म्हणाले, “पोरगा चांगला दिसतोय, ओरडतो कशाला?”

तर २०१७ मध्ये या बँडने ‘दशावतार’ नावाचा अल्बम काढला. दहा गाणी, मत्स्यापासून कल्कीपर्यंत. गुरगुर तीच, पण सोबतीला सतार, तबला. आणि २०२३ मध्ये साहिलने एकट्याच्या नावावर, म्हणजे डेमनस्टीलर म्हणून, ‘द प्रोपगंडा मशीन’ काढला. त्यात विषय आजचा, म्हणजे खोटा प्रचार आणि त्यातून पेरला जाणारा द्वेष. वाजवायला वेगवेगळ्या देशांतले लोक घेतले. नाइल या बँडचा ग्रीक ड्रमर जॉर्ज कोलियास त्यातलाच. सतार-बितार काही नाही.

आता पार्ट्या. पहिली पार्टी म्हणते, ‘दशावतार’मध्ये याने मेटल बाटवलं. तबला ऐकायचा तर झाकीरभाईंचा ऐका ना, इथे कशाला? दुसरी पार्टी म्हणते, तोच एक खरा अल्बम, कारण तो ‘आपला’ आहे. २०२३ मध्ये पठ्ठ्या पुन्हा गोऱ्यांच्या वाटेला गेला. हे रात्री एक-एकपर्यंत चालतं. दुसऱ्या दिवशी वायवा असली तरी चालतं.

मला विचाराल तर दोन्ही पार्ट्या एकच गोष्ट करताहेत. कोणतं वाद्य आहे ते बघून त्या निकाल देतात. ते वाद्य गाण्यात काय काम करतंय हे कोणी ऐकतच नाही.

मला स्वतःला ‘दशावतार’ सरसकट आवडत नाही. काही ठिकाणी सतार दारावरच्या तोरणासारखी वाटते. आत गेलो की घर तेच जुनं. पण जिथे गिटार, तबला आणि ती गुरगुर मिळून एकच लय ओढतात तिथे अंगावर काटा येतो. आणि ‘प्रोपगंडा मशीन’ला सतार लागतच नाही. तो अल्बम यंत्राबद्दल आहे, तो यंत्रासारखाच वाजायला हवा. म्हणजे माणूस बदलला नाही, विषय बदलला. आपण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अकरावीत होतो, म्हणून त्याने जन्मभर अकरावीतच बसायचं का?

इथे ई अँड टीसीवाल्यांनी जरा लक्ष द्यावं. सेकंड इयरला आपण डायोडचं क्लिपर सर्किट करतो. साइन वेव्ह आत जाते, वरची-खालची टोकं कापली जातात, आणि स्कोपवर चपटं काहीतरी दिसतं. जर्नलमध्ये आपण आकृती काढतो आणि विसरून जातो. अहो, गिटारचं डिस्टॉर्शन म्हणजे मुळात तेच! लहर कापली की मूळ सुरात नव्हते ते वरचे सूर, म्हणजे हार्मोनिक्स, तयार होतात. दोन्ही बाजूंनी सारखी कापली तर विषम क्रमांकाचे. तो खरखरीत, भरलेला आवाज तिथून येतो.

आणि सतार? तिची घोडी सपाट नसते, किंचित गोलाई दिलेली असते. तार कंप पावताना त्या पृष्ठभागाला हलकेच घासत राहते आणि तिचा सूर झणझणतो. त्याला जवारी म्हणतात. तंबोऱ्यात त्यासाठी तारेखाली दोरा सरकवतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेवर शोधनिबंध लिहिला, त्यात हेच मांडलं की साध्या नियमाने जे वरचे सूर उमटायला नकोत तेही या वाद्यांत उमटतात. म्हणजे आपल्याकडच्या कारागिरांनी सरळ सुराला मुद्दाम ‘बिघडवलं’ आणि त्यातून गोडवा काढला. मिरजेचे कारागीर ही जवारी हाताने घासून, कानाने ऐकून लावतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं ते उगीच नाही.

अजून एक गंमत. डिस्टॉर्शन लावून भरगच्च कॉर्ड वाजवली की सगळा चिखल होतो, म्हणून मेटलवाले बहुतेक वेळा दोनच सूर धरतात, मूळ सूर आणि त्याचा पाचवा. म्हणजे षड्ज आणि पंचम. तंबोरा कसा लावतात हो? पंचम आणि षड्ज! ज्याला आपण पॉवर कॉर्ड म्हणून टी-शर्टवर छापतो, ती आजोबांच्या भजनी मंडळात मागे कायम चालूच असते. तेव्हा ‘ही दोन वाद्यं मुळातच जुळत नाहीत’ हे मला नका सांगू. वाजवणाऱ्याला जुळवता आली नाहीत असं म्हणा, ते मी ऐकून घेईन.

तिसरा एक गट आहे, तो आमच्या विंगमध्ये नाही, घरी आहे. मी देवगाव रंगारीची. सुट्टीत हेडफोन लावून बसले की काकू म्हणते, “हे भुताखेताचं काय ऐकतेस, कॉन्व्हेंटमध्ये हेच शिकवलं का?” (कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर याला सैतानाचं म्हणायच्या. दोन्हीकडून मार!) काळोख, रक्त, भीती हे सगळं बाहेरून आलंय असं यांना वाटतं.

आमच्या गावाहून वेरूळ फार लांब नाही. शाळेची सहल जाते ती कैलास बघते आणि परत येते. पंधरा नंबरचं लेणं बघायचं राहून जातं. त्याचं नावच दशावतार! आठव्या शतकातल्या राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा लेख तिथे आहे. वरच्या मजल्यावर नरसिंह आणि हिरण्यकश्यपू समोरासमोर उभे आहेत. पोट अजून फाडलेलं नाही, पण आता काय होणार ते कळतं. आणि दुसऱ्या बाजूला शिवाच्या उग्र रूपाजवळ काली आहे, नुसता हाडांचा सापळा, डोळे खोल गेलेले, रक्त धरायला हातात वाटी. कुठल्याही मेटल बँडला सांगा की याहून भयंकर कव्हर काढून दाखव!

आपल्या जिल्ह्यात पुस्तकातही हे सापडतं. देवगिरीच्या यादवांच्या दरबारात तेराव्या शतकात शारङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. कोणता स्वर कोणत्या रसाला, हे त्यात सांगितलंय. बीभत्स आणि भयानक या रसांसाठी त्याने धैवत नेमून दिलाय. म्हणजे भीतीलाही स्वर हवा, हे देवगिरीवर ठरलेलं होतं. हा शारङ्गदेवही मिश्रणच. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. आणि पैठणच्या एकनाथांनी भारुडात काय केलं? जोगवा, गोंधळ, विंचू चावलेल्याची बोंब, जे रस्त्यावर ऐकू येत होतं ते उचललं आणि त्यात अध्यात्म भरलं. तेव्हाही कोणीतरी म्हणालं असेलच, की हे काही शुद्ध नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र माझ्या रूममेटचा आहे, आणि तो या तिन्ही गटांत बसत नाही. ‘दशावतार’मधलं नववं गाणं बुद्धावर आहे. ती म्हणाली, “बाबासाहेबांनी १९५६ मध्ये नागपूरला बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात बुद्ध हा विष्णूचा अवतार मानणार नाही अशी एक आहे. मग मी हे गाणं कसं ऐकू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. गायकाने रूढ यादी उचलली आणि तशीच ठेवली, असं मला वाटतं, आणि तिथे त्याने थांबून विचार करायला हवा होता. ती बाकी नऊ ऐकते, ते एक सोडते. फॅन असावं तर असं. आम्ही तबला असावा का नसावा यावर रात्री घालवल्या आणि हिने गाण्यात काय म्हटलंय ते बघितलं.

आता मूळ मुद्द्यावर येते, कारण हे सगळं नुसत्या विंगमधल्या गप्पांसाठी लिहिलेलं नाही. आपल्या गॅदरिंगच्या गायन-वादन स्पर्धेचा फॉर्म आठवा. त्यात दोन रकाने आहेत, ‘इंडियन’ आणि ‘वेस्टर्न’. गेल्या वर्षी मेकॅनिकलच्या एका ज्युनिअरने नाव द्यायचा प्रयत्न केला. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गोंधळ घालतात, संबळ त्याच्या हातात लहानपणापासून आहे. सोबत डिस्टॉर्शन लावलेली गिटार, आणि गाणं मराठीत, स्वतः लिहिलेलं, दुष्काळावरचं. फॉर्म घेणाऱ्यांनी विचारलं, इंडियन का वेस्टर्न? तो म्हणाला, दोन्ही. ते म्हणाले, मग कुठेच नाही. आम्ही ते गाणं शेवटी टेरेसवर ऐकलं. गिटार थोडी जास्त होती, शब्द दबत होते, पण संबळ सुरू झाला तेव्हा खालच्या मजल्यावरची मुलंही वर आली.

गॅदरिंग कमिटीच्या सर-मॅडमना माझी विनंती आहे की यंदा हे दोन रकाने काढून टाका. ‘फ्युजन’ असा तिसरा रकाना नको, नाहीतर पुढच्या वर्षी कोणीतरी चौथं काहीतरी घेऊन येईल आणि पुन्हा बाहेर उभं राहील. एकट्याचं आणि ग्रुपचं एवढे दोन गट पुरेत. परीक्षक गुण कशाला देणार, हा प्रश्न बरोबर आहे. सूर, ताल, आणि ही वाद्यं एकमेकांचं ऐकतात का, यावर द्या ना. संबळाचा ताल चुकला तर तो कुठल्याही रकान्यात चुकलेलाच असतो.

आणि एक, साउंडवाल्याला आधी कल्पना द्या. अँपशिवाय डिस्टॉर्शनची गिटार थेट मिक्सरमध्ये घातली की डबीत माशी अडकल्यासारखी वाजते, आणि मग सगळे म्हणणार, बघा, आम्ही म्हणत नव्हतो! एक छोटा अँप लागतो, त्याच्यासमोर एक माइक. अँप आमच्या विंगमध्ये आहे. माइक कॉलेजने द्यावा.