चित्र कोणाचे, पाटी कोणाची?

वॉशिंग्टनची नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी अमेरिकन काँग्रेसने १९६२ साली कायदा करून स्थापन केली. तिच्या संचालिका किम सॅजेट यांना आपण पदावरून दूर केल्याचे अध्यक्ष ट्रम्प यांनी ३० मे २०२५ रोजी परस्पर जाहीर केले. वास्तविक हा अधिकार स्मिथसोनियन संस्थेचा, आणि संस्थेने तसे बजावलेही. तरीही १३ जून रोजी सॅजेटबाईंनी राजीनामा दिला. कायदा शाबूत राहिला, माणूस मात्र गेला.

चित्रांवरून भांडणे तेथे नवी नाहीत. गिल्बर्ट स्टुअर्टने १७९६ मध्ये काढलेले वॉशिंग्टन यांचे अपुरे चित्र घ्या. डॉलरच्या नोटेवरचा चेहरा त्यावरूनच आला. मार्था वॉशिंग्टन यांना हे चित्र हवे होते. पण चित्रकार ते जवळच ठेवून त्याच्या नकला विकत राहिला! पुढे ते बोस्टनच्या अथेनियम ग्रंथालयाकडे गेले. ग्रंथालयाने ते राजधानीच्या गॅलरीला विकावयाचे ठरविताच बोस्टनकर खवळून उठले आणि १९८० मध्ये दोन्ही शहरांच्या संग्रहालयांनी ते भागीदारीत घेतले. त्याच चित्रकाराचे 'लॅन्सडाउन' चित्र २००१ मध्ये एका प्रतिष्ठानाच्या देणगीतून दोन कोटी डॉलरांना घेण्यात आले. ते वाद पैशाने मिटण्यासारखे होते.

आजचा वाद चित्राशेजारच्या पाटीचा आहे. 'लॅन्सडाउन' चित्रात वॉशिंग्टन एका हाती तलवार घेऊन, दुसरा पुढे करून उभे आहेत. १७९९ मध्ये ते वारले तेव्हा माउंट व्हर्नन येथे ३१७ गुलाम होते. ते चित्रात कोठेही नाहीत. असतील तर पाटीवरच असणार. मार्च २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने स्मिथसोनियनवर वंशकेंद्री, दुही माजविणाऱ्या विचारसरणीचा ठपका ठेवला, तो अशाच सांगण्याबद्दल. नेत्याच्या थोरवीला इतिहासाची एवढी धास्ती वाटावी, हे काही तिच्या भक्कमपणाचे लक्षण नव्हे. शिवाय संस्थेचा बहुतांश खर्च सरकारी तिजोरीतून भागतो आणि उपाध्यक्ष पदसिद्ध विश्वस्त असतात, हे विसरून चालणार नाही.

मिशेल ओबामा यांचे चित्र काढणाऱ्या एमी शेरल्ड यांनी जुलैमध्ये आपले नियोजित प्रदर्शन गॅलरीतून मागे घेतले. स्वातंत्र्यदेवतेच्या रूपातील एका पारलिंगी स्त्रीचे चित्र वगळले जाण्याची त्यांना शंका होती. त्यांनी तत्त्व राखले; पण राजधानीतील प्रेक्षक सगळ्याच चित्रांना मुकले, हेही नोंदविले पाहिजे. तेच प्रदर्शन नोव्हेंबरमध्ये जवळच्या बाल्टिमोरच्या कलासंग्रहालयात भरले.