एका ‘तक’ने खाल्लेले आठ जीबी

मागच्या दिवाळीत आमच्या सोनागिरीच्या घरी लॅपटॉप आला. घरातला पहिलाच. बाबांचा बोनस आणि आईच्या भिशीचे पैसे मिळून ४८,००० रुपये. मी बी.ए. दुसऱ्या वर्षाला, धाकटा भाऊ अकरावीत, म्हणजे पुढची पाच-सहा वर्षं दोघांना मिळून हाच एक. आईने खोक्याला हळद-कुंकू लावलं, बाबांनी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. आजोबा तेवढे म्हणाले, “तपासलास का गं?”

मी हसले. म्हटलं, “आजोबा, सीलबंद खोका आहे. त्यात काय तपासायचं?”

आजोबा भेलमधून रिटायर झाले, शेवटची बरीच वर्षं इन्स्पेक्शनला होते. पिपलानी, इंद्रपुरी, सोनागिरी या भागातल्यांना वेगळं सांगायला नको, इथे कितीतरी घरांत भेलचा एक तरी माणूस सापडतो. आजोबांचं म्हणणं साधं होतं. बाहेरून आलेला माल गेटच्या आत आला म्हणजे तो स्वीकारला, असं कारखान्यात होत नाही. आधी ऑर्डरचा कागद काढायचा, मालाशी ताडून बघायचा, मगच सही. “माल देणारा चोर आहे म्हणून नाही गं,” ते म्हणाले, “सही आपली असते म्हणून.”

चौथ्या दिवशी, त्यांच्या समाधानासाठी म्हणून, आम्ही दोघं बसलो. जाहिरातीत होतं : १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. स्क्रीनवर दिसलं : रॅम ८ जीबी, डिस्क ४७६ जीबी. आजोबा ताडकन म्हणाले, “बघ! दोन्हीकडे मारलंय.”

खरं तर मारलं होतं एकीकडेच. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, त्यांचा एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट. विंडोज मात्र १,०२४ च्या पटीत मोजतं आणि पुढे शब्द तोच लावतं, जीबी. म्हणून ५१२ चे ४७६ दिसतात, २५६ चे २३८ आणि १ टीबीचे ९३१. त्यात कोणी काही चोरलेलं नसतं. रॅमचं तसं नाही. रॅम १,०२४ नेच मोजतात, त्यामुळे आठला आठच दिसायला हवेत आणि सोळाला सोळा. थोडा भाग ग्राफिक्ससाठी राखला जातो, म्हणून ‘वापरण्याजोगी’ रॅम जराशी कमी दिसते, पण सोळाची आठ होत नाही.

मला हे आधी माहीत नव्हतं. भावाने शोधून काढलं. तोपर्यंत आजोबा दुकानदाराशी डिस्कवरूनही भांडायला निघाले होते, आणि तसं झालं असतं तर एका निर्दोष गोष्टीवरून त्या माणसावर आळ आला असता. तपासण्याचा हा फायदा कुणी सांगत नाही. नीट तपासलं की आपण फसत नाही, आणि दुसऱ्यालाही उगाच चोर ठरवत नाही.

दुकानात गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका दुकानाचा नाही. काउंटरवरच्या भैयांनी शांतपणे भिंतीवरच्या बॅनरकडे बोट दाखवलं. तिथे लिहिलं होतं, ‘१६ जीबी तक’. ते ‘तक’ इतकं बारीक की वाचायला जवळ जावं लागलं. म्हणजे मशीन सोळापर्यंत वाढवता येतं, दिलंय आठच. बिल काढलं तर त्यावर फक्त ‘लॅपटॉप, १ नग’. खोक्यावरच्या स्टिकरवर मात्र कंपनीने सरळ ८ जीबी छापलेलं होतं. चार दिवस ते माझ्या टेबलाशेजारी पडून होतं, आणि मी मराठी साहित्याची विद्यार्थिनी, मीच ते वाचलं नव्हतं.

वाचवलं ते कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपने. दुकानाची जाहिरात तिथे कुणीतरी टाकली होती, आणि तिच्यात ‘तक’ नव्हतं. नुसतं ‘१६ जीबी रॅम’. ती दाखवल्यावर भैयांचा सूर बदलला. आधी म्हणाले, “आपको हम पर भरोसा नहीं है क्या?” मग म्हणाले, “मालिक से पूछते हैं.” नऊ दिवसांनी आठ जीबीची दुसरी पट्टी पैसे न घेता बसवून मिळाली. ती जाहिरात कुणी पुसून टाकली असती तर एका शब्दयोगी अव्ययाने आमचे आठ जीबी खाल्ले असते.

तो भरवशाचा प्रश्न मला अजून टोचतो. आपल्याकडे दुकानदारासमोर मोजून, तपासून घ्यायला लोक लाजतात. ‘ओळखीतला आहे’, ‘काय म्हणेल तो’. गंमत म्हणजे याच आपल्या आया भाजीवाल्याच्या तराजूचा काटा डोळ्यांत तेल घालून बघतात. पाव किलो मिरचीला जे लावतो, ते ४८,००० रुपयांच्या वस्तूला लावायला संकोच का? माझ्या मते कारण भरवसा नाहीच. कारण भीती आहे. आपल्याला यातलं कळत नाही, विचारलं तर आपलं अज्ञान उघडं पडेल, ही भीती. आणि बारीक अक्षरातलं ‘तक’ त्या भीतीवरच जगतं.

कायदा इथे आपल्या बाजूने आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात वस्तूतला दोष म्हणजे केवळ मोडतोड नव्हे. विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे जो दावा केला असेल त्याहून वस्तू कमी निघाली, तर तोही दोषच. ‘कोणत्याही प्रकारे’ यात बॅनर आला, व्हॉट्सअ‍ॅपही आलं. बिल न देणं ही त्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. त्याआधी सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. आपण मराठी माणसांनी तर हे विसरूच नये. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं ते १९७४ साली, देशात पहिला ग्राहक कायदा व्हायच्या बारा वर्षं आधी.

पण कायद्याला कागद लागतो. म्हणून माझा आग्रह क्रमाचा आहे. पैसे देण्याआधी जाहिरातीचा फोटो घ्या. बिलावर मॉडेल नंबर, सीरियल नंबर, प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम आणि डिस्क लिहून मागा. नुसतं ‘आय-फाइव्ह’ चालवून घेऊ नका, त्या नावाचे प्रोसेसर २००९ पासून विकले जातायत. ‘आय-फाइव्ह १२३५यू’ असं पूर्ण लिहिलं की कळतं, बारावी पिढी आहे आणि ‘यू’ म्हणजे वीज कमी खाणारा प्रकार. खोका शक्यतो दुकानातच उघडा, ऑनलाइन घेतला असेल तर उघडताना व्हिडिओ काढा. खोक्यावरचा, मशीनच्या पाठीवरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर एकच आहे ना ते बघा. मग सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडा, प्रोसेसर आणि रॅम तिथेच दिसते. टास्क मॅनेजरमध्ये रॅमच्या किती खाचा भरल्यात तेही कळतं. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये डिस्क किती तास चाललीय ते दिसतं. नव्या मशीनवर शेकडो तास दिसले तर विचारा, हा शोकेसमधला तर नाही? विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढता येतो, त्यात मूळ क्षमता आणि आताची क्षमता जवळजवळ सारखी हवी. शेवटी कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली ते बघा. सगळं मिळून अर्धा तास.

काही मित्र म्हणतात, एवढं कोण करत बसणार, जे असेल ते चालतंय ना! चालतं, पहिलं वर्ष. तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट, ऑनलाइन क्लास आणि भावाचा अभ्यास एकाच मशीनवर आला की कमी पडलेले आठ जीबी रोज दिसतात. ज्यांच्या घरी दुसरा कॉम्प्युटर घ्यायची ऐपत आहे त्यांनी खुशाल सोडून द्यावं. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ती नाही.

आपल्या मंडळाला एक सुचवते. वर लिहिलेली यादी सोप्या मराठीत आणि हिंदीत एका पानावर काढू आणि वाचनालयाच्या फळ्यावर लावू. नवीन लॅपटॉप घेणाऱ्याला सोबत कुणी हवं असेल तर मी जाईन. आजोबाही तयार आहेत, त्यांनी तर चष्मा पुसून ठेवलाय.