उधारी लिहा, मुदत पाळा

मालेगाव असो की भिवंडी, यंत्रमागाच्या धंद्यात उधारी हाच रिवाज आहे. सूतवाला विणकराला सूत उधार देतो, विणकर दलालामार्फत कापड उधार विकतो आणि घेणारा व्यापारीही ते पुढे उधारच देतो. बँक तारण आणि कागदपत्रे मागते. सूतवाला मात्र जुनी ओळख आणि जबान यांवर माल सोडतो. ज्याच्यापाशी भांडवल थोडे, त्याला या उधारीनेच उभे केले आहे. व्याजाच्या कर्जापासून दूर राहू इच्छिणाऱ्यालाही तिचाच आधार आहे. म्हणून उधारीच वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. आमचा आक्षेप आहे तो बेमुदत आणि बेकागदी उधारीला.

एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा, एका विणकराला रोज दहा हजार रुपयांचे सूत लागते. सुताचे पैसे ३० दिवसांनी द्यायचे आहेत. सूत येऊन कापड विकले जाईपर्यंत १५ दिवस जातात आणि कापडाचे पैसे ६० दिवसांनी येतात. म्हणजे ४५ दिवसांची तूट त्याने स्वतः भरून काढायची. केवळ सुताचेच साडेचार लाख अडकले. कामगारांची आठवड्याची मजुरी आणि विजेचे बिल वेगळेच. आता घेणाऱ्याने ६० ऐवजी १२० दिवस लावले तर तूट १०५ दिवसांची होते आणि अडकलेली रक्कम साडेदहा लाखांवर जाते. माल तेवढाच, माग तेवढेच, पण सहा लाख जास्त गुंतले. हे सहा लाख मोठ्या व्यापाऱ्याच्या धंद्यात फिरत असतात. गरिबाच्या पैशावर श्रीमंताने बिनबोभाट धंदा करावा, असा हा प्रकार आहे.

उधार माल फुकट मिळतो, हाही एक गैरसमज आहे. सुताचा रोखीचा भाव ९८ आणि ६० दिवसांचा भाव १०० असेल, तर त्या दोन रुपयांचा बोजा वर्षाच्या हिशेबाने १२ टक्क्यांहून जास्त पडतो. मुदत ३० दिवसांचीच असेल, तर तोच फरक सुमारे २५ टक्क्यांवर जातो. माल उचलताना आपले बंधू भाव विचारतात, पण हा हिशेब फार थोडे जण करतात.

शरीअतने उधारीच्या सौद्याला मनाई केलेली नाही. रोखीपेक्षा उधारीचा भाव जास्त ठेवणे बहुसंख्य फुकहांनी जाइज मानले आहे. अट एवढीच की सौदा होतानाच एक भाव आणि एक मुदत पक्की व्हावी. मुदत उलटली म्हणून रक्कम वाढवली, तर ते व्याज झाले. दिव्य कुरआनची सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकराची २८२ वी, कोणत्या विषयावर आहे? मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा आणि साक्षीदार करावेत, याच विषयावर. त्याआधीच्या २८० व्या आयतीत अडचणीत सापडलेल्या देणेकऱ्याला सवड देण्याची शिकवण आहे. पण ऐपत असून टाळाटाळ करणाऱ्याला ही सवलत नाही, त्याच्या टाळाटाळीला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जुलूम म्हटले आहे. 'आपसात लिहायचे काय, विश्वास नाही का?' असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. लिहिल्याने विश्वास तुटत नाही, उलट तो टिकतो.

देशाचा कायदाही येथे कारागिराच्या बाजूने उभा आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. तक्रारीसाठी राज्यात सुविधा परिषद आहे. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकरात घातलेली तरतूद १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली. तिच्यामुळे मुदतीत पैसे न देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. मात्र यासाठी उद्यम नोंदणी हवी आणि ती माल देण्याआधीच करून ठेवावी. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांची नोंदणी २०२१ पासून होत असली, तरी या संरक्षणात ते येत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

व्याजाच्या कलमामुळे आपले काही बंधू या वाटेला जातच नाहीत. आमच्या मते ही सावधगिरी चुकीच्या जागी आहे. व्याज नको असेल तर मुद्दल मागा. मुद्दल हा तुमचा हक्क आहे, तो सोडण्यास दीनने सांगितलेले नाही. व्याजाची रक्कम पदरी पडलीच, तर तिचे काय करावे हे उलमांना विचारावे. गिऱ्हाईक तुटेल ही भीती मात्र खरी आहे. एकटा विणकर बोलला तर त्याचा माल दुसऱ्याच दिवशी नाकारला जाईल. म्हणून हे काम एकट्याचे नाही, संघटनेचे आहे. गावातील विणकर संघटनांनी मुदतीचा एक छापील करारनामा तयार करावा आणि सर्वांनी त्यावरच माल द्यावा.

आणि शेवटी घरचा प्रश्न. मोठ्या व्यापाऱ्याने पैसे अडवले म्हणून ओरडणारा आपला बंधू मजुरीवर विणणाऱ्याचे, जरीकाम करणाऱ्याचे, घरी शिलाई करणाऱ्या भगिनीचे पैसे किती दिवसांनी देतो? मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, ही शिकवण आपण जुम्याच्या खुतब्यात अनेकदा ऐकतो. ती दुकानाच्या गल्ल्यापर्यंतही पोहोचली पाहिजे. वरच्याकडे मुदतीचा हक्क मागायचा असेल, तर खालच्याची मुदत आधी पाळावी लागेल.