विश्लेषण : रेताड जमिनीत दुष्काळी वाणही का कोमेजते?

पश्चिम राजस्थानात कमी पाऊस नेहमीचाच. जैसलमेरचा वार्षिक सरासरी पाऊस 200 मिलिमीटरच्याही आत. तरीही तेथे भाजीपाला पिकतो. दोन पावसांमधला खंड वाढला की मात्र काही वाण तग धरतात, तर काही आठवडाभरातच माना टाकतात. हा फरक केवळ बियाण्याचा नाही.

रेताड जमिनीत पाणी किती दिवस पुरते?

एक मीटर खोलीच्या रेताड मातीत पिकाला उपयोगी पडणारे पाणी ढोबळमानाने 60 मिलिमीटर साठते. भारी मातीत ते 200 मिलिमीटरच्या आसपास असते. मिरचीची मुळे अर्धा मीटर खोल गेली, तर तिच्या वाट्याला 30 मिलिमीटर येते. त्यातले निम्मे संपले की ताण सुरू होतो. उन्हाळ्यात पीक आणि जमीन मिळून दिवसाला सहा-सात मिलिमीटर पाणी उडते. म्हणजे ताण तिसऱ्याच दिवशी सुरू होतो.

नुकसान नेमके कुठे होते?

पाणी कमी पडताच पानांवरील रंध्रे मिटतात. बाष्प वाचते, पण अन्ननिर्मिती मंदावते आणि पान तापते. टोमॅटो, मिरचीत फूलगळ होते. पाण्याबरोबर वाहणारे कॅल्शियम फळापर्यंत न पोहोचल्याने टोमॅटोचा खालचा भाग काळा पडून सडतो. काकडी कडवट होते, भेंडी लवकर निबर होते. वाढीच्या काळातला ताण पीक काही अंशी भरून काढते, फुलोऱ्यातला नाही.

कोणते वाण टिकतात?

गवारीचे सोटमूळ खोल जाते. मतीरा हे स्थानिक कलिंगड आणि शेंदाडाच्या जातकुळीतील काचरी पावसाच्या ओलीवर वाढतात. बिकानेरच्या केंद्रीय शुष्क बागायती संस्थेने काचरीचे ‘एएचके-119’, फुटीचे ‘एएचएस-82’ आणि मतीऱ्याचे ‘थार माणक’ हे वाण दिले आहेत.

मग अडचण कोणती?

बाजारात मागणी टोमॅटो, मिरचीला आहे. त्यांचे संकरित वाण भरपूर उत्पन्न देतात, ते नियमित पाण्याच्या भरवशावर. कालव्याची पाणीपाळी चुकली किंवा विहीर आटली की बियाणे, खत आणि मजुरीचा खर्च एकदमच बुडतो. शिवाय ‘दुष्काळ सहनशील’ हा शिक्का भारी मातीतील चाचणीवरून मारला असेल, तर वाळूत त्याचा फारसा उपयोग नाही. तेथे झाडाला ताणाशी जुळवून घ्यायला सवडच मिळत नाही.

उपाय काय?

ठिबकने रोज थोडे पाणी, शेणखत आणि आच्छादन यांमुळे दोन-चार दिवस हाती लागतात. एकदम भरपूर पाणी दिले तर ते मुळांखाली झिरपते आणि नत्रही वाहून नेते. म्हणून वाणाची शिफारस केवळ हेक्टरी उत्पादनावर न करता, त्याच मातीत किती दिवसांचा खंड ते सोसते, हेही बियाण्याच्या पाकिटावर छापायला हवे. शेतकऱ्याला पेरणीपूर्वी हवी असते ती हीच माहिती.