दुर्बीण की चिरा, हा दुसरा प्रश्न

उसाची मोळी डोक्यावर घेताना हात खांद्याच्या उंचीला आला की कळ निघते; आणखी वर नेला की ओसरते. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. नातेपुत्याच्या आसपास हे दुखणं ओळखीचं. मग अकलूज-बारामतीच्या खेपा, एमआरआय आणि घरात एकच चर्चा: ऑपरेशन दुर्बिणीतून करायचं की उघडून?

खांद्याच्या हाडाच्या छपराखालून हात उचलणाऱ्या स्नायूची दोरी जाते. ती तिथे दाबली जाते, म्हणून अमेरिकेतल्या डॉ. चार्ल्स नीर यांनी १९७२ मध्ये छपराची पुढची कड तासायची पद्धत मांडली. पुढे तेच काम दुर्बिणीतून होऊ लागलं. उघड्या ऑपरेशनात काही सेंटिमीटरचा चिरा देतात, वरचा स्नायू हाडापासून सोडवून पुन्हा शिवतात, त्यामुळे हात जास्त जपावा लागतो. दुर्बिणीला दोन-तीन बारीक छिद्रं पुरतात, माणूस कामाला लवकर लागतो. वर्षभरानंतर मात्र दोघांत फारसा फरक उरत नाही.

पण हाड तासायलाच हवं का? ब्रिटनमध्ये ३१३ रुग्णांचे तीन गट केले: एकात हाड तासलं, दुसऱ्यात दुर्बीण नुसती आत घालून पाहिलं, तिसऱ्याला काहीच केलं नाही. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आला. तासलेले आणि नुसते पाहिलेले सारखेच निघाले. काहीच न केलेल्यांपेक्षा ते किंचित बरे, पण रुग्णाला जाणवावा एवढा तो फरक नव्हता. २०१९ मध्ये 'बीएमजे'च्या तज्ज्ञगटाने या दुखण्यासाठी हे ऑपरेशन करू नये, अशी ठाम शिफारस केली.

पडल्यावर हात उचलताच येईना, दोरी तुटली असेल, तर गोष्ट वेगळी; तिथे वेळ दवडू नये. मधुमेह्याचा आखडलेला खांदाही निराळा. बाकीच्यांनी आधी तीन महिने नेटाने, शिकून घेतलेला व्यायाम करावा. अडचण इथेच आहे. उचल घेऊन आलेल्या तोडणी कामगाराला हंगामात खांद्याला आराम देणं परवडत नाही, आणि व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट गाठायला रोज बुडवावा लागतो. म्हणून तालुक्याला नव्या दुर्बिणीआधी सरकारी दवाखान्यात रोज बसणारा फिजिओथेरपिस्ट हवा. आणि रुग्णाने डॉक्टरांना पहिल्यांदा विचारावं ते हे: ऑपरेशन नाही केलं तर माझं नेमकं काय बिघडेल?